ट्रॉली ओढणाऱ्या पिकअपचे हबके (कोकण किनारा)

मागे ट्रॉली जोडून वजन ओढणाऱ्या पिकअपला रस्त्यावर बसणारे दणके, उसळी आणि डोलणे, तसेच ते कमी करण्यासाठी टायर, पाटे (एक्सलवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), शॉकअप (उसळी मुरवणारी तेलाची नळकांडी) आणि ट्रॉलीची जोडणी यांत केले जाणारे उपाय. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात एकच पिकअप वर्षभर निरनिराळ्या कामांना जुंपलेली असते. एप्रिल-मे महिन्यांत ती हापूसच्या पेट्या घेऊन वाशीला जाते, एरवी चिरे, सिमेंट, मासळीचे क्रेट वाहते. मालवण, तारकर्ली, देवबाग, हर्णै, अलिबाग या भागांत फायबरची बोट ट्रॉलीवर घालून किनाऱ्यावर नेण्या-आणण्याचे कामही तिच्याचकडे येते. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्यामुळे मे संपता संपता बोटी वर घेण्याची घाई होते आणि ट्रॉली ओढण्याचे काम एकदम वाढते.

हबक्यांचे मूळ पाट्यांच्या दुहेरी कामात आहे. दीड टन माल उचलण्यासाठी बांधलेला पाट्यांचा जुडगा गाडी रिकामी असताना जवळजवळ दबतच नाही. वजनाखाली पाटे जितके कमी दबतात तितकी गाडीची उसळी जलद होते. पाटे 25 सेंटीमीटर दबत असतील तर सेकंदाला साधारण एक हेलकावा बसतो, 11 सेंटीमीटरला दीड आणि 4 सेंटीमीटरला अडीच. माणसाला सेकंदाला एक ते दीड हेलकावे सुखाचे वाटतात, तर 4 ते 8 हेलकाव्यांच्या पट्ट्यातली उभी थरथर शरीराला सर्वांत जास्त जाचते. रिकामी पिकअप सुखाच्या पट्ट्याच्या बरीच वर असते. ट्रॉली जोडली की अडचण बदलते : मागची बाजू बसते, पाट्यांची हालचाल उरत नाही, एक्सल रबरी स्टॉपरवर आपटतो आणि गाडी नाक वर करून चालते. म्हणजे एकाच गाडीला एका वेळी मऊ आणि दुसऱ्या वेळी कडक पाटे हवे असतात. खालचे बहुतेक उपाय या अडचणीवरचे आहेत. सरसकट पाटे मऊ करणे किंवा सरसकट कडक करणे, दोन्ही चुकीचे.

राष्ट्रीय महामार्ग 66 च्या काँक्रीट पट्ट्यांवर हा हिशोब बसल्या जागी अनुभवता येतो. काँक्रीटचे आडवे सांधे साधारण 4.5 मीटरवर असतात. ताशी 40 किलोमीटर वेगाने सेकंदाला सुमारे अडीच सांधे चाकाखालून जातात आणि रिकाम्या पिकअपच्या मागच्या उसळीशी त्यांचा ताल जमतो. मग प्रत्येक सांध्यावर मागची बाजू आधीपेक्षा वर उडते. ट्रॉली असेल तर जोडणीतून तीच उसळी गाडीला पुढे-मागे हिसडते. अशा वेळी वेग थोडा कमी करून ताल मोडावा. त्याला एक पैसाही लागत नाही.

जोडणीवर किती भार पडतो याकडे सहसा कोणी पाहत नाही, आणि चूक बहुतेकदा तिथेच असते. जोडणीचा गोळा (ज्यावर ट्रॉलीचे तोंड बसते तो) मागच्या एक्सलच्या बराच मागे असल्यामुळे तिथले वजन तरफेसारखे काम करते. समजा, बोटीसह ट्रॉली 1200 किलोची आहे आणि जोडणीवर 120 किलो भार येतो. एक्सलमधले अंतर 3 मीटर आणि गोळा मागच्या एक्सलपासून 1.25 मीटर मागे असेल, तर मागच्या एक्सलवर 170 किलो वाढतात आणि पुढच्या एक्सलवरचे 50 किलो कमी होतात. आंबोली किंवा कुंभार्ली घाटाच्या चढावर स्टेअरिंग हलके आणि पोकळ लागते, त्यामागे हे 50 किलो असतात. भार कमी करण्याच्या नादात वजन ट्रॉलीच्या मागच्या बाजूला सरकवले, तर ट्रॉली शेपूट हलवू लागते. उतारावर वेग वाढला की ते डोलणे आवरत नाही. अमेरिकेतल्या प्रघातानुसार जोडणीवर ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार ठेवतात. बोटीच्या ट्रॉलीला 5 ते 10 टक्केही चालतात. गाडीच्या आणि जोडणीच्या उत्पादकाने दिलेली मर्यादा मात्र ओलांडायची नाही.

बोटीच्या बाबतीत इंजिन मागच्या फळीवर टांगलेले असते, म्हणून बोट मुळातच मागे जड असते. इंधनाची टाकी, नांगर आणि दोरखंड नाळेकडे (बोटीच्या पुढच्या टोकाकडे) ठेवले आणि ट्रॉलीवरचा नाळेचा अडथळा थोडा पुढे सरकवून बोट पुढे घेतली, तर बराच फरक पडतो. भार मोजायला आंब्याच्या वखारीतला प्लॅटफॉर्म काटा पुरतो. ट्रॉली सपाट जागी, चाकांना अडसर लावून उभी करावी आणि तिचे तोंड गोळ्याच्या उंचीइतक्या लाकडी ठोकळ्यावर, काट्यावर टेकवावे. येणारा आकडा हाच जोडणीवरचा भार.

किनाऱ्यावरच्या गाड्यांचा खरा शत्रू गंज आहे. पाटे एकमेकांवर घसरले तरच जुडगा दबतो. खाऱ्या हवेत आणि बोट पाण्यात सोडताना मागची चाके समुद्रात गेल्याने पाट्यांमध्ये गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे पाट्यांची टोके फाकतात आणि फटींतून तपकिरी भुकटी बाहेर येते. असा जुडगा लहान खड्ड्यावर हलतच नाही. सगळी गाडी नुसत्या टायरवर उसळते आणि टायरमध्ये ती उसळी मुरवण्याची ताकद जवळजवळ नसते. पुष्कळ मालक अशा वेळी शॉकअप बदलतात आणि दणके तसेच राहतात. गाडी उभी असताना मागची बाजू जोराने दाबून सोडावी. पाटे कुरकुरले किंवा जराही दबले नाहीत, तर आधी पाटेवाल्याकडे जावे.

तिथे यू-बोल्ट (जुडगा एक्सलला आवळणारे बोल्ट) सोडवून जुडगा उलगडतात. प्रत्येक पाटा घासून गंज काढतात, पाटे मधोमध जोडणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकाभोवती आणि यू-बोल्टखाली बारीक तडा आहे का ते बघतात आणि ग्रॅफाइट ग्रीस लावून पुन्हा बांधतात. टोकांमध्ये प्लॅस्टिकच्या चकत्या बसवल्या तर घर्षण आणखी कमी होते. थोडे चालवून झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळणे अत्यंत गरजेचे आहे. ते सैल राहिले तर सेंटर बोल्ट तुटतो आणि एक्सल जागेवरून सरकतो. पावसाळ्याआधी पाट्यांवर जळके ऑइल फवारण्याची जुनी रीत आहे. त्याने गंज थांबतो हे खरे, पण तेल सांध्यांतले रबरी बुश (नळीसारखे अस्तर) फुगवून कुजवते आणि ब्रेक ड्रममध्ये गेले तर घाटात ब्रेकच लागत नाही. ग्रीस फक्त पाट्यांच्या फटीत हवे. बोट पाण्यात सोडून आल्यावर मात्र गाडीचा खालचा भाग आणि ट्रॉलीचे हब (चाकांचे बेअरिंग असलेले मधले भाग) गोड्या पाण्याने धुवावेत. तापलेले हब समुद्रात बुडाले की आतली हवा आकसते आणि खारे पाणी बेअरिंगमध्ये ओढले जाते, म्हणून पाण्यात जाण्यापूर्वी थोडा वेळ थांबावे.

टायरमधली हवा हा सर्वांत स्वस्त उपाय. पूर्ण मालासाठी भरलेल्या हवेवर रिकामी गाडी चालवली तर टायर दगडासारखे वागतात. उत्पादक रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळी हवा देतो. त्याप्रमाणे टायर थंड असताना हवा बदलावी. दिलेल्या आकड्याखाली मात्र जाऊ नये, कारण हवा कमी असली की टायरची बाजू वाकत राहते, तापते आणि फुटते.

शॉकअपचे काम वजन पेलणे नव्हे, उसळी मुरवणे. तेल गळत असेल किंवा स्पीडब्रेकरवरून उतरल्यावर गाडी एकापेक्षा जास्त वेळा वर-खाली होत असेल, तर शॉकअप गेले. घाटाच्या लांब, खडबडीत रस्त्यांवर तेल तापून फेसाळते. गॅस भरलेल्या शॉकअपमध्ये हे कमी होते. पाट्यांची ताकद वाढवली असेल तर परतीची उसळी आवरणारे शॉकअप त्याच जोडीने घ्यावे लागतात.

यानंतरच नवीन भाग घालण्याचा विचार करावा. सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे एक-दोन पाटे वाढवणे, पण रोज ओझे नसणाऱ्या गाडीसाठी तो वाईट. रिकाम्या फेरीत हबके वाढतात आणि आंबा डागाळतो. त्यापेक्षा हेल्पर पाटा बरा. मूळ जुडगा ठरावीक दबल्यावरच तो टेकतो, म्हणून रिकामी गाडी मऊ राहते. पॅराबोलिक पाटे मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळते असतात. संख्येने थोडे आणि फक्त मध्यभागी व टोकांनाच टेकत असल्यामुळे घर्षण कमी आणि चाल मऊ, शिवाय गंजायला फटीही कमी. चॅसिस आणि एक्सल यांच्यामध्ये बसणाऱ्या हवेच्या पिशव्या मात्र या कामाला सर्वांत जुळतात. ट्रॉली जोडली की हवा भरायची, सोडली की उत्पादकाने सांगितलेल्या किमान दाबापर्यंत उतरवायची. दोन्ही बाजूंच्या नळ्या वेगळ्या ठेवाव्यात, नाहीतर वळणावर एका पिशवीतली हवा दुसरीत जाऊन गाडी कलते. वाळू पिशवीच्या घड्यांत अडकून रबर घासते, म्हणून किनाऱ्यावरून आल्यावर त्याही धुवाव्यात.

पुढच्या एक्सलवरचा कमी झालेला भार या पिशव्या परत आणत नाहीत. त्या फक्त मागची बाजू वर उचलतात. तो भार परत पुढे नेण्यासाठी स्प्रिंगच्या दांड्या असलेली भार विभागणारी जोडणी लागते. कोकणात ती क्वचितच दिसते, आणि ट्रॉलीची चौकट तिच्यासाठी बनलेली नसेल तर लावू नये. साध्या जोडणीतही गोळा आणि कपलर (ट्रॉलीच्या तोंडाची गोळ्यावर बसणारी वाटी) यांचे माप जुळले पाहिजे. झिजलेला कपलर, ढिली पिन किंवा सैल नट यांमुळे गिअर बदलताना आणि ब्रेक मारताना मागून ठोके बसतात.

केबिनखालचे रबर आणि शॅकलचे (पाट्यांचे टोक चॅसिसला धरणाऱ्या कडीचे) बुश झिजले की धातूवर धातू वाजतो. मूळ रबरी बुशच्या जागी पॉलियुरेथेनचे बुश टिकतात जास्त, पण थरथर जास्त आत आणतात. रोज घाट चढणाऱ्या चालकासाठी चांगल्या फोमचे आसनही मोलाचे आहे.

पाटे किंवा पिशव्या बसवल्याने गाडीची वजन वाहण्याची अधिकृत मर्यादा वाढत नाही. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करण्यास मनाई आहे. एक्सल, ब्रेक आणि चाके मूळच्याच मर्यादेची राहतात. जोडणीवरचा भार गाडीच्या एकूण वजनात धरला जातो, म्हणून बोट ओढताना हौद्यातला माल तेवढा कमी करावा लागतो.