वयात येण्याच्या गोष्टीत मन उशिरा आलं

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मुलगी 'शाणी झाली' की पूर्वी न्हाण, मखर, ओटी अशी लगबग असायची. पुढे दर महिन्याला बाहेर बसणं. मुलाला तेवढंही नाही. मिसरूड फुटलं की तो कामाचा झाला. मनात काय चाललंय हे विचारायला वेळच नव्हता, लग्नं लवकर व्हायची.

सरकारनेही आधी वयच मोजलं. १८९१ मध्ये मुलींचं संमतीवय, म्हणजे शरीरसंबंधासाठी कायद्याने ठरवलेलं किमान वय, १० वरून १२ झालं, तेव्हा टिळकांनी विरोध केला. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलींचं लग्नाचं वय १४ ठरवलं. सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला तर न्हाण येण्याआधीच पोरी देवदासी म्हणून सोडल्या जात. त्यावर कर्नाटकाचा बंदी कायदा आला तो १९८२ मध्ये.

लग्न लांबलं, शाळा वाढली, आणि बालपण व संसार यांच्यामध्ये काही वर्षं मोकळी झाली. वयात येण्याच्या गडबडी तिथेच दिसू लागल्या. संप्रेरकांमुळे झोप उशिरा लागते. मेंदूचा भावनांचा भाग आधी जोर धरतो, आवर घालणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत तयार होत राहतो. नैराश्य या वयापासून मुलींमध्ये मुलांच्या जवळपास दुप्पट आढळतं, आणि लवकर वयात येणाऱ्या मुलींना धोका अधिक. इकडे त्यात आणखी एक भर: मराठी शाळेतून दहावी झालेलं पोर कॉलेजात थेट इंग्रजी किंवा कन्नडमध्ये जाऊन पडतं, तेही नेमकं याच वयात.

मराठीत लैंगिक विषयांवर उघड बोलले ते र. धों. कर्वे. त्यांचं 'समाजस्वास्थ्य' हे मासिक १९२७ मध्ये निघालं तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यातच होतं. कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले झाले. ऐंशी वर्षांनी, २००७ मध्ये, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांनीही शाळेतलं लैंगिक शिक्षण रोखलं. सीमाप्रश्नावर न जुळणाऱ्यांचं इथे मात्र जुळलं!

मानसिक आरोग्याचा जिल्हा कार्यक्रम कर्नाटकातच, बळ्ळारीत, बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने १९८० च्या दशकात आजमावला; पण त्याचा भर गंभीर मनोविकारांवर होता. १० ते १९ वयाच्या मुलांच्या मनाला राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात ठळक जागा मिळाली ती २०१४ मध्ये, राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या सुमारे ७ टक्के मुलांना मानसिक त्रास आढळला. २०२२ पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. पोर गप्प गप्प झालं की घरचे मात्र अजून आधी देवरशालाच विचारतात.