ठासणीच्या बंदुकीची नळी आणि गंज : पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यात वर्षातला मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरात पडतो आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत खंडेनवमी येते. ज्या जुन्या घरांत अजून एखादी ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची, बंदूक परवान्यासह जपलेली आहे, तेथे ती पूजेसाठी खाली काढली जाते आणि नळीच्या तोंडाशी बोट फिरवताच तांबूस भुकटी हाताला लागते. घरातली माणसे तिचा दोष पावसाळ्याला देतात. तो अर्धाच बरोबर आहे. सोलापूरसारख्या कोरड्या मुलखात बाहेरून स्वच्छ दिसणारी नळी आतून का सडते, हे समजून घ्यायचे तर बंदुकीच्या दारूपासून सुरुवात करावी लागते.

ही दारू म्हणजे सोरा (पोटॅशियम नायट्रेट), कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण असून त्याचे रूढ प्रमाण वजनाने ७५, १५ आणि १० असे आहे. बार उडाला की सगळी दारू धूर होऊन निघून जाते असे वाटते, पण तसे घडत नाही. नोबल आणि एबल या दोन ब्रिटिश संशोधकांनी १८७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की जळलेल्या दारूच्या वजनापैकी सुमारे ४३ टक्केच वायू होतो, उरलेला ५७ टक्के भाग घन पदार्थ असतो. त्यातला काही धुरासोबत बाहेर पडतो आणि काही काळसर कीट होऊन नळीला आतून चिकटतो. त्यात पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड हे क्षार मुख्य असतात. यांपैकी कार्बोनेटला पाण्याची ओढ विलक्षण आहे : हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ४३ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलेच पाणी शोषून पाझरू लागते. सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी हवा याहून कोरडी असते हे खरे, पण पावसाळ्यातल्या दिवसांविषयी तसे म्हणता येत नाही. म्हणजे पावसाचा एक थेंबही आत न जाता नळी आतून ओली राहते.

दख्खनमध्ये हा प्रश्न बंदुकीइतकाच जुना आहे. तोफांच्या बाबतीत कांस्याने तो बराच टाळला होता. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली आणि १६३२ मध्ये परांड्याहून विजापूरला नेलेली मलिक-ए-मैदान तोफ आजही गंजलेली नाही, कारण तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. हातातल्या बंदुकीला मात्र लोखंडाचीच नळी हवी होती. पुष्कळ देशी नळ्या लोखंडाची पट्टी सळईभोवती गुंडाळून, तापवून आणि ठोकून सांधलेल्या असत. असा सांधा कुठे कच्चा राहिला असेल, तर क्षार आणि ओल नेमकी तेथेच शिरते. अशा नळीवर गंजाच्या तिरप्या रेषा दिसतात, त्या सांध्याच्याच वळणाने जातात.

तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने पेटवायच्या, बंदुकीत आणि पुढे चकमकीच्या बंदुकीत नळीच्या बुडाशी एक बारीक छिद्र असते, त्याला कान म्हणतात. रंजकाची, म्हणजे बाहेर पेटवायच्या चिमूटभर दारूची, ठिणगी याच कानातून आत जाते आणि कीट सर्वांत आधी येथेच साचते. मे १८१८ मध्ये जनरल मन्रोच्या फौजेने सोलापूरचा भुईकोट घेतला, तेव्हा पायदळाच्या हातांत चकमकीच्याच बंदुका होत्या. त्यांच्या नळ्या आतून गुळगुळीत आणि गोळी सैल असे, त्यामुळे थोडे कीट साचले तरी गोळी खाली उतरे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रायफलीची नळी सैन्यात सर्रास आली आणि हिशेब बदलला. १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीची नळी ०.५७७ इंच व्यासाची होती आणि तिच्यात तीन पेचदार खाचा होत्या. खाचांत कीट अडकते, गोळी घट्ट असल्याने ती ठासणे अवघड होते, म्हणून कागदी काडतुसाला चरबी लावणे भाग पडले. १८५७ च्या उठावाशी जोडल्या गेलेल्या त्या चरबीचे मूळ काम कीट मऊ ठेवण्याचे होते, ही गोष्ट इतिहास सांगताना बहुधा मागे पडते.

याच काळात चकमकीची जागा टोपीने, म्हणजे घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्याच्या छोट्या धातूच्या टोपणाने, घेतली होती. टोपीतल्या मसाल्यात पाऱ्याच्या फल्मिनेटबरोबर बहुधा पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरते, जे स्वभावाने खाण्याच्या मिठासारखेच आहे. आर्द्रता ८४ टक्क्यांच्या आसपास गेली की हेही पाझरते आणि क्लोराइडने सुरू केलेला गंज पृष्ठभागावर न थांबता धातूत खड्डे पाडत जातो.

तेलाने हा क्षार निघत नाही, हे मला या साऱ्या विषयात सर्वांत महत्त्वाचे वाटते. क्षार पाण्यात विरघळतो, तेलात नाही. त्याच्यावर तेलाचा हात फिरवला तर तो तेलाखाली जिवंत राहतो. धातूच्या काडतुसांच्या बंदुका येऊन बराच काळ लोटल्यावर, १९२२ मध्ये, अमेरिकेच्या खाण विभागाने तेलाच्या थराखाली होणाऱ्या गंजाचा अभ्यास करून टोपीतल्या क्लोरेटपासून उरणारे हे मीठच मूळ कारण असल्याचे दाखवले. ठासणीच्या काळातले सैनिक मात्र रसायन न शिकताही नळीत उकळते पाणी ओतत होते. गरम पाण्याने क्षार विरघळतो आणि तापलेले लोखंड लवकर सुकते. पाणी फार कढत असेल तर सुकतानाच तांबूस झाक चढते, म्हणून कोरड्या चिंध्या लगेच फिरवाव्या लागतात. पाणी बोअरचे खारे असेल तर शेवटचा हात गोड्या पाण्याचा द्यावा, नाहीतर एक मीठ काढून दुसरे भरल्यासारखे होते.

तेलाचा क्रम त्यानंतर येतो. आपल्याकडे घरात करडईचे तेल सहज मिळते आणि जुन्या बंदुकांना ते लावलेले आढळते. ते सुकणाऱ्या तेलांपैकी आहे : हवेत ते हळूहळू घट्ट होते आणि ते खूप तापवूनच रोगण तयार करतात. नळीत त्याचा चिकट पिवळा थर बसतो, जो गजाला, म्हणजे नळीत घालायच्या लांब सळईला, दाद देत नाही. साठवणीसाठी खनिज तेल बरे, किंवा १८७२ मध्ये पेटंट झालेली व्हॅसलीन. पण पुन्हा बार काढायचा असेल तर खनिज तेल पूर्ण पुसून घ्यावे लागते, कारण दारूबरोबर जळून त्याचे डांबरासारखे कीट होते. म्हणूनच गोळीभोवतीच्या कापडाला मेण आणि बिनमिठाची चरबी किंवा वनस्पतिजन्य तेल लावण्याची पद्धत आजही टिकून आहे.

नळीच्या बाहेरच्या अंगासाठी एकोणिसाव्या शतकातल्या कारागिरांनी गंजालाच कामाला लावले. आम्लयुक्त द्रव लावून मुद्दाम पातळ गंज चढू द्यायचा, तो घासायचा आणि हे कितीतरी वेळा करायचे, की तपकिरी, घट्ट आवरण तयार होते. तीच नळी मधूनमधून उकळली तर तांबड्या ऑक्साइडचे काळे, अधिक स्थिर ऑक्साइड बनते. जुन्या नळीवरचे हे तपकिरी आवरण घाण समजून विटकरीच्या भुकटीने घासून काढणाऱ्यांनी अनेक चांगल्या नळ्यांचे नुकसान केले आहे.

चढलेला गंज काढण्याआधी नळी रिकामी आहे हे पाहिलेच पाहिजे. गज आत सोडून बोटाने खूण करावी आणि तेवढाच गज बाहेरून नळीलगत धरावा. बुडापर्यंत तो पोहोचत नसेल, तर आत दशकांपूर्वी ठासलेली दारू असू शकते आणि ती कोरडी राहिली असेल तर अजूनही पेट घेते. अशा वेळी जाणकार शस्त्रकाराकडेच जावे. रिकाम्या नळीत रॉकेल किंवा पातळ तेल मुरवून कांस्याच्या तारेचा ब्रश फिरवणे हा सर्वांत सौम्य उपाय आहे. चिंच-लिंबाचे आम्ल गंजाबरोबर चांगले लोखंडही खाते आणि खाचांच्या कडा बोथट करते. धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात नळी ऋण टोकाला आणि आतली, नळीला न टेकणारी, लोखंडी सळई धन टोकाला जोडून मंद वीज सोडली तर गंज सैल होतो. तेथे हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावर करावे. हिरड्यात असते तसे टॅनिन गंजाला काळ्या, स्थिर थरात बदलते, पण तो उपाय बाहेरच्या अंगापुरता आणि केवळ प्रदर्शनात ठेवायच्या वस्तूसाठी. पडलेले खड्डे यांपैकी कशानेही भरून येत नाहीत.

खंडेनवमीच्या पूजेनंतर हळदकुंकू आणि ओल्या फुलांचा ओलावा त्याच संध्याकाळी पुसून घ्यावा, चामड्याच्या किंवा लोकरीच्या म्यानात बंदूक ठेवू नये आणि ती तोंड खाली करून उभी करावी, म्हणजे नळीतले जादा तेल बुडाशी साचून लाकडी दस्त्यात मुरत नाही.