कॅलिफोर्नियात जुन्या मसल कारमध्ये नवे इंजिन: रेफरीची मंजुरी, कागदपत्रे आणि अर्ज अडतात त्या जागा

1979 च्या पाँटिॲक ट्रान्स ॲममधून 6.6 लिटरचे, जेमतेम 185 अश्वशक्तीचे इंजिन उतरवून तिथे शेवरोलेचे 6.2 लिटरचे, 430 अश्वशक्तीचे एलएस3 बसवणे हे चांगल्या गॅरेजला आता अवघड राहिलेले नाही. खरी अडचण त्यानंतर येते, ती गाडीचे रजिस्ट्रेशन चालू ठेवताना. बे एरियात किंवा लॉस एंजेलिसच्या बाजूला हौसेने जुनी गाडी घेणारे आपले लोक बहुधा एकाच समजुतीने फसतात: इंजिन नवे आहे, धूर जुन्यापेक्षा कितीतरी कमी आहे, मग सरकारची हरकत असण्याचे कारण काय? सरकारची हरकत अश्वशक्तीला नाहीच. हे इंजिन कोणत्या गाडीतून आले आणि त्या गाडीची प्रदूषण नियंत्रणाची सगळी यंत्रणा त्याच्याबरोबर आली का, एवढेच तिथे पाहिले जाते. या प्रश्नाचे उत्तर इंजिन विकत घेण्यापूर्वी तयार ठेवावे लागते, आणि नेमके तेच कोणी करत नाही.

मंजुरी कोणाला लागते

पेट्रोलवर चालणाऱ्या, 1976 किंवा त्यानंतरच्या मॉडेल वर्षाच्या जुन्या गाड्यांना कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी स्मॉग चेक, म्हणजे धुराची आणि प्रदूषण नियंत्रणाच्या यंत्रणेची तपासणी, करून घ्यावा लागतो. 1975 आणि त्याआधीच्या गाड्यांना तो माफ आहे. त्यामुळे शेवरोलेची 1970 ची शव्हेल असेल तर इंजिन बदलाच्या मंजुरीसाठी रेफरीकडे, म्हणजे नेहमीच्या केंद्राबाहेरच्या अशा गाड्या तपासणाऱ्या अधिकृत परीक्षकाकडे, जाण्याची वेळ सहसा येत नाही. मात्र माफी आहे ती ठरावीक काळाने होणाऱ्या चाचणीची. प्रदूषण नियंत्रणाच्या उपकरणांशी छेडछाड करू नये असे सांगणारे वाहन संहितेचे कलम 27156 त्या गाड्यांनाही लागू आहे.

इथे मॉडेल वर्ष म्हणजे गाडी विकली गेली ते वर्ष नव्हे. 1975 च्या शरद ऋतूत शोरूममधून बाहेर पडलेली गाडी 1976 ची असू शकते, आणि मग माफी नाही. जनरल मोटर्सच्या त्या काळातल्या गाड्यांचा चॅसी क्रमांक तेरा अक्षरांचा असे आणि त्यातले सहावे अक्षर मॉडेल वर्षाचे असे. 455 घन इंचाच्या इंजिनाची 1976 ची ट्रान्स ॲम असेल, तर क्रमांकाची सुरुवात 2डब्ल्यू87डब्ल्यू6 अशी होते. शेवटचा सहा हे वर्ष. विंडशील्डच्या आतल्या बाजूला, डॅशबोर्डवर चालकाच्या हाताला असलेली पट्टी खाली वाकून वाचावी. विकणाऱ्याच्या तोंडच्या वर्षावर विसंबू नये, कारण तो बहुतेक वेळा खोटे बोलत नसतो, त्यालाच ठाऊक नसते.

दुसरा घोळ तीस वर्षांचा आहे. तीस वर्षे जुनी झाली की गाडी आपोआप माफ होते, असे जुने रहिवासी आजही छातीठोकपणे सांगतात. तशी सरकती सवलत एके काळी होती. 2004 मध्ये विधिमंडळाने ती रद्द केली आणि माफीची रेषा 1975 वर कायमची गोठवली, त्यामुळे 1979 ची गाडी शंभर वर्षांची झाली तरी या रेषेच्या अलीकडे येणार नाही. अलीकडे टीव्हीवरचे विनोदवीर आणि जुन्या गाड्यांचे संग्राहक जे लेनो यांच्या नावाने गाजलेल्या विधेयकामुळे या गोंधळात भर पडली. पस्तीस वर्षांपुढच्या संग्राह्य गाड्यांना सूट देण्याचा तो प्रस्ताव 2025 च्या ऑगस्टमध्ये विधानसभेच्या वित्तविषयक समितीतच थांबला. बातमीचा मथळा वाचून गाडीचे काम सुरू करणाऱ्यांना हे सांगायची वेळ वारंवार येते.

संग्राहकांसाठी आज एक मर्यादित सवलत मात्र आहे. गाडी किमान पस्तीस मॉडेल वर्षे जुनी असेल आणि तिचा विमा संग्राह्य वाहन म्हणून उतरवलेला असेल, तर रेफरीकडे उपकरणांची पाहणी टळते. धुराची चाचणी, इंधनाच्या झाकणाची तपासणी आणि गळतीची पाहणी टळत नाही. वापर अर्थातच रोजच्या कामाचा नसावा लागतो. ही सवलत म्हणजे इंजिन बदलाचा परवाना नव्हे.

इंजिन निवडताना

इंजिन बदलाचे नियम ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर या राज्याच्या खात्याचे आहेत आणि वाचायला सोपे आहेत. बसवायचे इंजिन गाडीच्याच वर्षाचे किंवा त्याहून नवे असावे. ते गाडीच्या इतक्याच किंवा अधिक कडक उत्सर्जन मानकाला प्रमाणित असावे. गाडी कॅलिफोर्नियासाठी प्रमाणित असेल तर इंजिनही कॅलिफोर्नियासाठीच प्रमाणित असावे. गंमत अशी की या नियमांनी आधुनिक इंजिनाची वाट मोकळी ठेवली आहे आणि जुन्या दांडग्या इंजिनाची बंद केली आहे: 1979 च्या ट्रान्स ॲममध्ये 1970 चे 455 बसवता येत नाही, पण 1998 च्या कॅमेरोमधले 5.7 लिटरचे एलएस1 बसवता येते.

अर्ज सर्वाधिक अडतात ते तिसऱ्या अटीवर. नेव्हाडात किंवा ॲरिझोनात भंगारात निघालेल्या कॅमेरोचे इंजिन स्वस्त मिळते, पण ती गाडी बाकीच्या राज्यांसाठी बनवलेली असेल तर तिचे इंजिन इथल्या गाडीत चालत नाही. ती कोणासाठी प्रमाणित होती हे तिच्या बॉनेटखाली चिकटवलेल्या उत्सर्जन लेबलवर छापलेले असते. हे लेबल कोणाकडेच नसते. भंगारवाला इंजिन काढून देतो, बॉनेट आणि रेडिएटरची चौकट वेगळी विकतो किंवा चेपून टाकतो, आणि लेबल त्यांच्याबरोबर जाते. म्हणून शक्य असेल तर दाता गाडी, म्हणजे जिच्यातून इंजिन काढायचे ती, पूर्ण विकत घ्यावी. ते शक्य नसेल, तर इंजिन उतरवण्यापूर्वी त्या लेबलचा आणि चॅसी क्रमांकाच्या पट्टीचा स्पष्ट फोटो काढावा आणि बिलावर तो चॅसी क्रमांक लिहून घ्यावा. भंगारवाला कुरकुर करेल. करू द्यावी.

ट्रकच्या इंजिनांचाही मोह पडतो, कारण सिल्व्हराडोमधली 5.3 लिटरची इंजिने ढिगाने मिळतात. जड वाहनासाठी प्रमाणित इंजिन हलक्या गाडीत बसवता येत नाही, मग त्याची क्षमता मूळ इंजिनाइतकीच का असेना. एकाच नावाच्या ट्रकमध्ये हलका आणि जड असे दोन्ही वर्ग असतात, त्यामुळे इथेही उत्तर पुन्हा त्याच लेबलवर सापडते. केवळ शर्यतीसाठी किंवा उद्योगासाठी विकलेली, प्रमाणपत्र नसलेली इंजिने तर विचारातच घेऊ नयेत. खोक्यात बंद, कोरे करकरीत एलएस3 आणून ठेवलेल्या माणसाला हे ऐकवणे जिवावर येते, पण त्याच्या बिलावर ते प्रदूषण-नियंत्रित गाड्यांसाठी नाही असे बहुधा छापलेले असते.

या कटकटीतून सुटण्यासाठी जनरल मोटर्सने ई-रॉड नावाचा संच काढला. त्यात इंजिनाबरोबर संगणक, वायरिंग, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर आणि इंधनाची वाफ शोषणारा कोळशाचा डबा मिळतो, आणि 1995 पर्यंतच्या मॉडेलसाठी त्याला एअर रिसोर्सेस बोर्डाचा, म्हणजे राज्याच्या हवा-प्रदूषण मंडळाचा, मंजुरी आदेश आहे. संच महाग आहे, पण दाता गाडीच्या कागदांचा प्रश्नच उरत नाही. एक इशारा द्यावासा वाटतो: आदेश त्या संपूर्ण संचाला आहे. त्यातले एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून तिथे आवडीचे हेडर (मोकळ्या नळ्यांचे एक्झॉस्ट) लावले, किंवा जरा दणक्याचा कॅमशाफ्ट घातला, तर त्या भागाला स्वतंत्र मंजुरी क्रमांक लागतो. जाहिरातीतला ‘पन्नासही राज्यांत कायदेशीर’ हा शब्दप्रयोग रेफरीपुढे पुरावा ठरत नाही.

रेफरी काय पाहतो

नेहमीचे स्मॉग चेक केंद्र अशा गाडीला पहिली मंजुरी देऊ शकत नाही. ती रेफरीकडूनच घ्यावी लागते. रेफरीची केंद्रे बहुतांशी कम्युनिटी कॉलेजांच्या आवारात आहेत आणि वेळ आगाऊ ठरवावी लागते. नेण्याचे कागद मोजके आहेत: रजिस्ट्रेशन किंवा नूतनीकरणाची नोटीस, आधी कुठे चाचणीत नापास झाला असाल तर त्याचा अहवाल, इंजिनाचे बिल आणि दाता गाडीचा तपशील, आणि बाहेरून घेतलेल्या प्रत्येक भागाच्या मंजुरी आदेशाची प्रत.

गाडी मात्र तो बारकाईने पाहतो. इंजिन संगणक-नियंत्रित असेल आणि गाडी त्या काळाआधीची असेल, तर डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा, निदानाची सॉकेट, सगळे सेन्सर आणि त्यांचे वायरिंग चालू स्थितीत लागते. दिवा नुसता बसवून भागत नाही. किल्ली फिरवल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. सर्वांत जास्त फजिती होते ती इंधनाच्या टाकीपाशी. 1996 पासूनची इंजिने टाकीतल्या वाफेचा दाब मोजून गळती शोधतात, आणि 1979 च्या टाकीला दाबाच्या सेन्सरसाठी जागाच नसते. मग मेकॅनिक ती तपासणी संगणकाच्या सॉफ्टवेअरमधून बंद करून टाकतो, दिवा विझतो आणि मालक खूश होतो. रेफरी निदानाची सॉकेट जोडतो तेव्हा ते उघडे पडते. शिवाय 19 जुलै 2021 पासून स्मॉग चेकमध्ये गाडीच्या सॉफ्टवेअरचीही पडताळणी होते, त्यामुळे संगणकातला कोणताही बदल करण्यापूर्वी रेफरीला विचारून घेणे शहाणपणाचे. टाकीचे काम आधी करावे, रंगाचे नंतर.

आणखी एक साधी गोष्ट. भेटीच्या आदल्या रात्री बॅटरी काढू नये. संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या पुसल्या जातात आणि त्या पूर्ण व्हायला गाडी पुन्हा बरीच चालवावी लागते.

सगळे जुळले की रेफरी गाडीवर लेबल लावतो. त्यात बसवलेल्या इंजिनाला कोणती उपकरणे लागतात त्याची नोंद असते, आणि त्यानंतरचे स्मॉग चेक नेहमीच्या केंद्रावर करता येतात. गाडी विकताना हे लेबल मूळ रंगापेक्षाही अधिक किमतीचे ठरते, म्हणून बॉडीशॉपमध्ये देताना त्यावर रंगाचा फवारा जाणार नाही हे स्वतः पाहावे.

मुदतीचा गोंधळ

नूतनीकरणाची फी आणि स्मॉगचे प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्र मिळाले नाही म्हणून फी थांबवून ठेवणाऱ्यांना फुकटचा दंड बसतो. फी मुदतीत भरावी, प्रमाणपत्र मागाहून येते. तोवर गाडी चालवायची असेल तर डीएमव्ही, म्हणजे वाहन नोंदणीचे सरकारी खाते, 50 डॉलरमध्ये तात्पुरता परवाना देते. त्याचे साठ दिवस परवाना हाती पडल्यापासून मोजले जात नाहीत, रजिस्ट्रेशन संपल्याच्या तारखेपासून मोजले जातात. चाळिसाव्या दिवशी खिडकीपाशी पोहोचलेल्या माणसाच्या हाती वीसच दिवस उरतात, आणि दोन वर्षांत असा परवाना एकदाच मिळतो. खिडकीमागून हे आपणहून सांगितले जाईल अशी आशा धरू नये. तसेच स्मॉगचे प्रमाणपत्र नव्वद दिवसच चालते, त्यामुळे विक्रीच्या कितीतरी आधी ते काढून ठेवण्यात अर्थ नाही.

पुढेमागे गाडी पुण्या-मुंबईला नेऊन व्हिंटेज म्हणून नोंदवण्याचा मनसुबा असेल, तर इंजिनाला हात लावण्यापूर्वी भारताचा 2021 चा नियमही वाचावा. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडीच तिथे व्हिंटेज ठरते. 1976 ची ट्रान्स ॲम वयाच्या अटीत आता बसू लागली आहे. एलएस3 बसवलेली ट्रान्स ॲम मात्र कॅलिफोर्नियाच्या रेफरीने कितीही मनापासून मंजूर केलेली असली, तरी त्या व्याख्येत बसत नाही.