झारेकरी जिथे बसत नाही

नाशिकच्या सराफ बाजारात दुकानांची शटर वर जायच्या आधी धुळीतून सोन्याचे कण वेचणारे झारेकरी येऊन गेलेले असतात. दुकानाच्या पायरीलगतची धूळ, फरशीच्या सांध्यांत तारेच्या ब्रशने खरवडून काढलेली माती, गटारातला गाळ, असं सगळं पाटीत भरायचं आणि गोदावरीवर नेऊन धुवायचं. रस्त्याच्या मधोमध मात्र कुणी ब्रश फिरवत नाही. का, म्हणून एकाला विचारलं, तर म्हणाला, "मधी काय ठरतंय दादा? सोनं फटीत बसतं."

नदीतल्या सोन्याबद्दल भूवैज्ञानिक हेच सांगतो. सोन्याची घनता १९.३, साध्या वाळूची २.६५. पाण्यात बुडवल्यावर दोघांचंही वजन घटतं, पण मूळ वजनाच्या मानाने वाळूचं फार जास्त घटतं. त्यामुळे पाण्यात सोन्याचा कण तेवढ्याच वाळूच्या कणापेक्षा अकरा पट जड भरतो. पाटी गोल हलवली की आधी माती जाते, मग वाळू, आणि तळाशी काळी रेती उरते. ती मॅग्नेटाइट या लोहखनिजाची. लोहचुंबक फिरवून ती उचलली की पिवळं काही असेल तर तिथेच दिसतं.

मग गोदावरीत सोनं आहे की काय? आहे, पण ब्रह्मगिरीचं नव्हे. आपला सगळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. अशा बसाल्टमध्ये टनामागे जेमतेम तीन-चार मिलिग्रॅम सोनं असतं, म्हणजे एका तोळ्यासाठी अडीच-तीन हजार टन दगड फोडावा लागेल. नदीतलं सोनं येतं ते बाजारातल्या गटारांतून, आणि रामकुंडात सोडलेल्या अस्थींबरोबर. मृताच्या मुखात सोन्याचा कण ठेवायची आपली रीत आहेच.

कण भिंगाखाली धरला तरी हे कळतं. डोंगरातून वाहत आलेला कण ठेचकाळलेला, कडा दुमडलेला असतो आणि त्यात मिसळ बहुधा चांदीची असते. बाजारातल्या कणावर कानशीचे ओरखडे असतात, आणि दागिन्याला कडकपणा यावा म्हणून घातलेलं तांबंही त्यात सापडतं.

उगम शोधायची हीच रीत जुन्या खाणवाल्यांचे खड्डे वाचताना लागते. खरं खोदकाम पाहायचं तर इथून बरंच दक्षिणेला, कर्नाटकातल्या रायचूर जिल्ह्यात जावं लागतं. तिथला हट्टी-मस्कीचा खडक आपल्या बसाल्टपेक्षा कितीतरी जुना, २५० कोटी वर्षांच्याही मागचा. हट्टीला आजही सोन्याची खाण चालू आहे. तिथलं प्राचीन खणकाम सुमारे २०० मीटर खोल गेलं होतं, आणि आत सापडलेलं लाकूड कार्बन पद्धतीने सुमारे २,००० वर्षांपूर्वीचं ठरलं. ना सुरुंग, ना पंप. कातळाला जाळ लावून तापवायचं, भेगा पडल्या की फोडायचं. मस्कीचा अशोकाचा शिलालेखही १९१५ मध्ये सोन्याच्या शोधात फिरणाऱ्या बीडन नावाच्या खाण अभियंत्यालाच सापडला. शिलालेख कोरलेली लेणी बघत वाढलेल्या नाशिककराला या योगायोगाचं विशेष कौतुक वाटतं.

आता खड्डे वाचायचे कसे? माझ्या मते खड्डा जिथे आहे त्यापेक्षा जिथे संपतो ती जागा जास्त बोलते. नदीकाठाने वर वर जाणारे खड्डे एखाद्या ओढ्याच्या संगमापुढे मुख्य पात्रात दिसेनासे झाले, तर सोनं त्या ओढ्यातून आलंय. ओढ्यात शिरायचं. तिथेही ते थांबले की उताराची माती ओंजळ-ओंजळ धुऊन कण मोजत चढायचं. कातळात गारगोटीची सोनं असलेली शीर असते, तिच्यातून सुटलेलं सोनं खाली पंख्यासारखं पसरतं. वर जावं तसा पंखा अरुंद होतो, कण खडबडीत होत जातात, आणि एका जागी त्याच्या वर काहीच मिळत नाही. शीर तिथेच कुठेतरी, मातीखाली.

एकटादुकटा खड्डा म्हणजे बहुतेक फसलेला प्रयत्न. दाटीवाटीने खणलेली जागा म्हणजे पोटाला मिळत होतं. शेजारच्या ढिगाने मात्र फसायला होतं. तो त्यांनी टाकून दिलेला दगड. कामाची गारगोटी तर उचलून नेली, पाण्याजवळच्या कातळावर कुटली. म्हणून कातळातले वाटीसारखे खळगेही शोधावे लागतात. ढिगात गारगोटीचे उरलेसुरले तुकडे मिळाले आणि त्यांना तांबूस, गंजलेली भोकं असली, तर तिथे कधीकाळी पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज, होतं. ते कुजून गेलं की त्यात अडकलेलं सोनं मोकळं होतं. पण हे घडतं भूजलाच्या पातळीच्या वरच. खाली गेलं की विहिरीसारखं पाणी लागतं आणि सोनं बऱ्याचदा पायराइटमध्ये कोंडलेलं असतं, नुसतं कुटून-धुऊन ते हाती येत नाही. तेव्हा जुने लोक थांबले म्हणजे सोनं संपलं, असं समजू नये. कंपन्या जुन्या खड्ड्यांच्या खालीच छिद्रं पाडून बघतात, ती याच हिशेबाने.

एकदा त्र्यंबकच्या बाजूला टेकडीवर मला सरळ ओळीत खणलेले लांबट चर दिसले, आणि हे सगळं ज्ञान डोक्यात असल्यामुळे छाती धडधडली. बसाल्टमध्ये शीर! पंधरा मिनिटं त्या चरांवरून चालल्यावर लक्षात आलं की आपण चढतही नाही आहोत आणि उतरतही नाही. उभी शीर डोंगराचे चढउतार कापत सरळ जाते. हे चर टेकडीला वळसा घालून एकाच उंचीवर राहत होते. पावसाचं पाणी जिरवायला खणलेले समपातळी चर होते ते. खालच्या बाजूला मुरमाचा बांध घातलेला, त्यावर आवळ्याची रोपं. मी पाण्याची बाटली संपवली आणि खाली उतरलो.