होमवर फोर्स की टॅग? कॅचरने उभं कुठे राहायचं

सॉफ्टबॉलचा सामना. बेस भरलेले, म्हणजे तिन्ही बेसवर रनर, एक आउट. जमिनीवरून आलेला चेंडू फर्स्ट बेसवरची खेळाडू उचलते, बेसला पाय लावून बॅटरला बाद करते आणि होमकडे फेकते. कॅचर (बॅटरच्या मागची खेळाडू) होमच्या प्लेटवर पाय ठेवून चेंडू झेलते, आनंदाने ग्लोव्ह उंचावते. अंपायर म्हणतात, सेफ! अंपायरचं बरोबर आहे. बॅटर बाद झाली त्या क्षणी तिसऱ्या बेसवरच्या रनरवरची पळण्याची सक्ती (मागून बॅटर येते म्हणून पुढच्यांना बेस सोडावाच लागतो) संपली, म्हणजे फोर्स गेला. फोर्स असता तर प्लेटवर पाय पुरला असता. आता तिला चेंडू लावून बाद, म्हणजे टॅग, करायलाच हवं होतं.

फोर्समध्ये प्लेट हाच तुमचा बेस. उजवा पाय प्लेटच्या पुढच्या कडेवर, डावा चेंडू येतो त्या दिशेने लांब. अगदी फर्स्ट बेसवर उभं राहतात तसं. चेंडू हातात आला की रनरच्या वाटेतून मैदानाच्या बाजूला सरका आणि फर्स्टला फेका. डबल प्ले, म्हणजे एका खेळीत दोन आउट, तिथेच मिळतो.

टॅगची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते जास्त सराव तिलाच हवा. प्लेटवर नाही, प्लेटच्या पुढे उभं राहायचं. डावा पाय तिसऱ्या बेसकडच्या पुढच्या कोपऱ्याजवळ, त्याचा अंगठा तिसऱ्या बेसकडे. म्हणजे धडक बसलीच तर ती गुडघ्याच्या कडेवर न बसता शिनगार्डवर (नडगीवरच्या संरक्षकावर) बसते. प्लेट रनरला दिसली पाहिजे. चेंडू हातात नसताना वाट अडवली तर ऑब्स्ट्रक्शन, आणि धाव बहाल. नव्या मुली नेमक्या इथेच चुकतात, धाडस म्हणून आधीच आडव्या उभ्या राहतात. आधी चेंडू, मग वाट. टॅग करताना चेंडू उघड्या हातात घट्ट धरून तो हात ग्लोव्हमध्ये, आणि ग्लोव्ह खाली, कारण घसरत येणाऱ्या रनरचे पाय जमिनीलगत असतात.

उंच झेल घेतल्यावर तिसऱ्यावरून रनर सुटली, तर तोही टॅगच. बॅटर झेलबाद झालेली असते, मग फोर्स कुठला?

बेस फक्त 60 फुटांवर असल्याने विचार करायला वेळ मिळत नाही. म्हणून प्रत्येक पिचआधी मी कॅचरला मोठ्याने म्हणायला लावते: ‘होमवर फोर्स’ किंवा ‘होमवर टॅग’. बेस भरलेले, दोन आउट आणि तिसरा स्ट्राइक हातातून सुटला, तर बॅटरला फर्स्टकडे पळता येतं, म्हणून होमवर फोर्सच असतो, आणि कॅचरने फर्स्टला फेकण्याचीही गरज नसते. चेंडू उचलायचा आणि प्लेटवर पाय द्यायचा, इनिंग संपली.