रॉबिन्सन, एडी

रॉबिन्सन, एडी : (१३ फेब्रुवारी १९१९ – ३ एप्रिल २००७). अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील ग्रॅम्बलिंग स्टेट विद्यापीठाचे अमेरिकन फुटबॉल प्रशिक्षक. (आपल्याकडे फुटबॉल म्हणतात तो खेळ हा नव्हे, लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा, समोरच्याला धरून पाडण्याचा हा खेळ.) १९४१ ते १९९७ या काळात त्यांच्या संघाने ४०८ सामने जिंकले, १६५ गमावले आणि १५ बरोबरीत सोडवले.

जन्म लुइझियानातील जॅक्सन गावी. बालपण बॅटन रूज शहरात गेले. लीलंड कॉलेजातून बाहेर पडल्यावर ते धान्य दळण्याच्या गिरणीत कामाला होते. वयाच्या २२व्या वर्षी ग्रॅम्बलिंगने त्यांना बोलावले. तेव्हा ती कृष्णवर्णीयांसाठीची एक छोटी शिक्षणसंस्था होती आणि पगार होता महिन्याला ६३ डॉलर ९५ सेंट. प्रशिक्षक हे नुसते नाव. मैदानावरचे गवत कापणे, चुन्याच्या रेघा मारणे, खेळाडूंचे घोटे पट्ट्यांनी बांधणे आणि सामना संपल्यावर वर्तमानपत्रासाठी वृत्तान्त लिहिणे, सगळे त्यांच्याच गळ्यात. पहिल्या हंगामात संघाने जिंकले त्याहून जास्त सामने गमावले. दुसऱ्या हंगामात, १९४२ मध्ये, नऊच्या नऊ जिंकले आणि वर्षभरात एकाही प्रतिस्पर्ध्याला एक गुणसुद्धा मिळवू दिला नाही. महायुद्धामुळे पुढची दोन वर्षे खेळ बंद राहिला.

दक्षिणेत तेव्हा वंशभेदाचे कायदे होते. दौऱ्यावर निघालेल्या संघाला वाटेतल्या उपाहारगृहात बसू देत नसत, म्हणून सँडविचची शिदोरी बरोबर घ्यावी लागे. एकदा कापूस वेचणीच्या दिवसांत एका शेतकऱ्याने आपल्या मुलांना खेळायला पाठवायचे नाकारले, तेव्हा रॉबिन्सन सगळा संघ घेऊन त्याच्या शेतात वेचणीला गेले. वसतिगृहात सकाळी गाईच्या गळ्यातली घंटा वाजवत ते फिरत. सरावासाठी नव्हे, मुलांनी वर्गात वेळेवर पोचावे म्हणून.

त्यांचे २००हून अधिक खेळाडू व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले. १९४९ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्स या व्यावसायिक संघाकडे गेलेले टँक यंगर हे कृष्णवर्णीय महाविद्यालयातून राष्ट्रीय लीगमध्ये (एनएफएल, व्यावसायिक फुटबॉलची मुख्य स्पर्धा) पोचलेले पहिले खेळाडू. विली डेव्हिस, बक बुकॅनन, चार्ली जॉइनर यांची नावे पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’ या मानाच्या यादीत गेली. डग विल्यम्स हे १९८८ मध्ये सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकून देणारे पहिले कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक, म्हणजे चाल रचून चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू.

५ ऑक्टोबर १९८५ रोजी डॅलसमध्ये प्रेअरी व्ह्यू विद्यापीठाच्या संघावर २७–७ असा विजय मिळवून त्यांनी अलाबामा विद्यापीठाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांचा ३२३ विजयांचा विक्रम मागे टाकला. हे विजय लहान संघांवरचे आहेत, असे तेव्हा अनेकांनी हिणवले. त्या आक्षेपात एक गोष्ट सोयीने वगळलेली असे : दक्षिणेतली गोरी विद्यापीठे कित्येक दशके या संघांशी खेळतच नव्हती. ब्रायंट यांच्या अलाबामातर्फे पहिला कृष्णवर्णीय खेळाडू सामन्यात उतरला तो १९७१ साली.

या भेदभावाची दुसरी बाजू विचित्र आहे. इतरत्र दारे बंद असल्याने गुणी मुले ग्रॅम्बलिंगकडेच येत. दारे उघडली तसा तो ओघ आटत गेला. तरीही रॉबिन्सन टिकले ते नाव कमावून झाल्यामुळे आणि मोठ्या शहरांतल्या सामन्यांमुळे. सदर्न विद्यापीठाशी न्यू ऑर्लिन्सला होणारी ‘बायू क्लासिक’ ही लढत १९७४ पासून या नावाने गाजली. १९७६ मध्ये संघ टोकियोतही खेळून आला.

१९८३ पासून ते स्वतःचेच नाव दिलेल्या मैदानावर संघ उतरवत. शेवट मात्र गोड झाला नाही. अखेरच्या दोन्ही हंगामांत संघाला प्रत्येकी तीनच विजय मिळाले आणि त्यांनी आता थांबावे अशी कुजबुज वाढली. १९९८ मध्ये त्यांच्या जागी डग विल्यम्स आले. पुढे रॉबिन्सन यांना अल्झायमरने गाठले. २००३ मध्ये मिनेसोटातील एका लहान महाविद्यालयाचे प्रशिक्षक जॉन गॅग्लिआर्डी यांनी ४०८चा आकडा ओलांडला.