ऑनलाइन ब्रोकरांची तुलना : बाजार आणि ट्रेडिंग ॲप (नागपूर)

ऑनलाइन ब्रोकर म्हणजे शेअर, वायदे, ऑप्शन, म्युच्युअल फंड यांचे सौदे इंटरनेटवरून करून देणारा, सेबीकडे (शेअर बाजाराच्या सरकारी नियामकाकडे) नोंदलेला दलाल. त्याच्याकडे कोणते बाजार खुले आहेत आणि त्याचे ॲप किंवा टर्मिनल कामाला कसे उतरते, या दोन अंगांनी ब्रोकर पारखले जातात. नागपुरात ही चौकशी बहुधा "ब्रोकरेज किती?" इथूनच सुरू होते. हा प्रश्न खरे तर शेवटी यायला हवा. एकाच एक्सचेंजवर पाठवलेली ऑर्डर कोणत्याही ब्रोकरकडून गेली तरी त्याच रांगेत लागते, त्यामुळे भावात ब्रोकरगणिक फरक पडत नाही. फरक पडतो तो आपल्याला हवा असलेला बाजार त्याच्याकडे आहे का, आणि गडबडीच्या दिवशी त्याचे ॲप चालते का, यात.

नागपूरची पार्श्वभूमी

पुण्यात होता तसा प्रादेशिक शेअर बाजार नागपुरात नव्हता. इथली उलाढाल मुंबईच्या दलालांचे सब-ब्रोकर सांभाळत. १९९४ मध्ये एनएसईने (राष्ट्रीय शेअर बाजाराने) पडद्यावरचा व्यवहार सुरू केला आणि उपग्रहाने जोडलेले टर्मिनल मुंबईबाहेर पोहोचू लागले, तेव्हा दूरच्या शहरातल्या माणसाला मुंबईच्या माणसाइतक्याच वेळात भाव दिसू लागला. सेबीने इंटरनेटवरून सौदे करण्यास २००० मध्ये परवानगी दिली. पहिली पिढी बँकांच्या ब्रोकर कंपन्यांची होती: बचत खाते, डिमॅट (शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवण्याचे खाते) आणि ट्रेडिंग खाते एकत्र जोडलेले 'थ्री-इन-वन' खाते. २०१० मध्ये झेरोधा सुरू झाली आणि टक्केवारीऐवजी प्रत्येक ऑर्डरमागे ठरावीक रक्कम घेण्याची पद्धत रुळली. पुढे अपस्टॉक्स, ग्रो, एंजल वन, धन ही मोबाइल ॲपची पिढी आली. सब-ब्रोकर ही नोंदणी सेबीने २०१९ पर्यंत संपुष्टात आणली. आज ब्रोकरच्या वतीने काम करणारा स्थानिक माणूस 'अधिकृत व्यक्ती' म्हणून नोंदलेला असतो. त्याच्याकडून खाते उघडायचे असेल तर त्याचे नाव एक्सचेंजच्या संकेतस्थळावर तपासावे.

या शहराच्या आठवणीत दलालीचा एक कडू अध्याय आहे आणि तुलनेच्या प्रत्येक चर्चेत तो यायला हवा. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने सरकारी रोखे घेण्यासाठी होम ट्रेड आणि इतर काही दलाल कंपन्यांकडे पैसे दिले. रोखे बँकेच्या हाती आलेच नाहीत. २००२ मध्ये सुमारे दीडशे कोटींचा हा घोटाळा उघड झाला. होम ट्रेड तेव्हा क्रिकेट आणि सिनेमातल्या ताऱ्यांच्या जाहिरातींनी गाजत होती, तिचे संकेतस्थळ झगमगीत होते. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने बँकेच्या तत्कालीन अध्यक्षांसह काही जणांना दोषी ठरवले. मधल्या एकवीस वर्षांत ठेवीदार शेतकऱ्यांनी जे सोसले ते कोणत्याही तुलना-तक्त्यात मावत नाही. जाहिरात कितीही मोठी असो, घेतलेली वस्तू स्वतःच्या नावावर जमा झाली की नाही हे ब्रोकरच्या ॲपबाहेर जाऊन पाहता आले पाहिजे. आज ती सोय आहे. शेअरची नोंद ठेवणाऱ्या सीडीएसएलच्या 'ईझी' आणि एनएसडीएलच्या 'आयडियाज' या सेवांवर आपल्या डिमॅटमधले शेअर थेट दिसतात, आणि २०२५ पासून खरेदी केलेले शेअर ब्रोकरच्या खात्यात न थांबता सरळ ग्राहकाच्या डिमॅटमध्ये येतात.

कोणते बाजार खुले आहेत

शेअरचा रोख बाजार जवळजवळ सगळ्यांकडे असतो. नागपुरात मुख्यालय असलेल्या मॉइल किंवा सोलर इंडस्ट्रीजसारख्या कंपन्यांचे शेअर एनएसई आणि बीएसई (मुंबई शेअर बाजार) दोन्हीकडे नोंदलेले आहेत, पण फक्त बीएसईवर असलेल्या छोट्या कंपन्याही पुष्कळ आहेत. त्यामुळे दोन्ही एक्सचेंज चालू आहेत का, एवढे तरी पाहून घ्यावे. जानेवारी २०२३ पासून सर्व शेअरची पूर्तता सौद्यानंतरच्या कामकाजाच्या दिवशी होते, सोमवारी घेतलेला शेअर मंगळवारी खात्यात येतो. याबाबत ब्रोकरांमध्ये फरक उरलेला नाही.

वायदे (पुढच्या तारखेला ठरलेल्या भावाने खरेदी-विक्रीचे करार) आणि ऑप्शन (तसा हक्क देणारे करार), ज्याला सगळे 'एफ अँड ओ' म्हणतात, हा ॲपच्या जाहिरातींचा आवडता बाजार आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या बाजारातल्या व्यक्तिगत सौदेकरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. त्यानंतर सेबीने निर्देशांकाच्या कराराचे किमान मूल्य १५ लाखांवर नेले आणि साप्ताहिक एक्सपायरी, म्हणजे दर आठवड्याला करार संपणे, प्रत्येक एक्सचेंजला एकाच निर्देशांकापुरती ठेवली. ज्या ब्रोकरचे ॲप उघडताच आधी ऑप्शन चेन (ऑप्शनच्या भावांचा तक्ता) समोर येते आणि स्वतःचे शेअर शोधावे लागतात, तो ब्रोकर नवख्यासाठी नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवे.

नागपूरकरासाठी सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग वस्तुबाजाराचा आहे. इतवारीच्या सराफ्यात सोन्याचा भाव विचारणारा, कळमन्याच्या यार्डात सोयाबीन उतरवणारा आणि जिनिंग चालवणारा, तिघांचाही वायद्यांशी संबंध येतो. एमसीएक्स हे वस्तुबाजाराचे एक्सचेंज नोव्हेंबर २००३ मध्ये आणि एनसीडीईएक्स हे दुसरे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुरू झाले. वस्तुबाजाराचे नियमन २०१५ पासून सेबीकडे आहे, तरी अनेक ॲपमध्ये हा विभाग वेगळा अर्ज करून उघडावा लागतो, आणि काहींकडे एमसीएक्स असते पण एनसीडीईएक्स नसते. खाते उघडण्यापूर्वी हेच विचारावे.

सोन्याचे वायदे निरनिराळ्या मापांत मिळतात: मोठा करार एक किलोचा, मिनी १०० ग्रॅमचा, गिनी ८ ग्रॅमचा, पेटल १ ग्रॅमचा. चांदीत मोठा ३० किलोचा, मिनी ५ किलोचा आणि मायक्रो १ किलोचा. छोट्या सराफाला मिनी किंवा मायक्रो पुरतो. पण हे सौदे रात्री साडेअकरा, हिवाळ्यात ११.५५ पर्यंत चालतात, आणि अमेरिकेची मोठी बातमी नागपुरात संध्याकाळनंतर येते. ब्रोकरचा मदत विभाग संध्याकाळी सहाला बंद होत असेल तर सोन्या-चांदीत काम करणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. तुलना करणारे बहुतेक तक्ते ही ओळ गाळतात.

कापसाचे चित्र वेगळे आहे. एमसीएक्सवर २०२३ मध्ये नव्याने आलेला करार ४८ खंडींचा, म्हणजे सुमारे १०० गाठींचा होता. हे माप जिनिंगवाल्याचे आहे, पाच एकरांच्या शेतकऱ्याचे नाही. सोयाबीन आणि हरभरा यांचे वायदे सेबीने २०२१ मध्ये थांबवले आणि ती मुदत पुनःपुन्हा वाढवली, तूर तर २००७ पासून वायद्यात नाही. त्यामुळे 'शेतमालाचे वायदे करा' अशी जाहिरात कुणी करत असेल, तर विदर्भातल्या कोणत्या पिकात, हे आधी विचारले पाहिजे. संत्र्याचा वायदा भारतात नाही.

चलनाच्या बाजारात रुपयाशी डॉलर, युरो, पौंड आणि येन यांच्या जोड्या मान्यताप्राप्त एक्सचेंजवर चालतात. मे २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने प्रत्यक्ष परकीय चलनाची गरज असणाऱ्यांनीच त्यात उतरावे हा नियम कडक केला. तेव्हापासून हा विभाग रोडावला आहे आणि सर्वसाधारण सौदेकराने त्यासाठी ब्रोकर निवडू नये.

अमेरिकी शेअर थेट घ्यायचे असतील तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. काही ब्रोकर परदेशी भागीदारामार्फत ही सोय देतात. मार्जिनवर (थोडी रक्कम ठेवून बाकी उधारीने) किंवा परकीय चलनाच्या सट्ट्यासाठी हे पैसे वापरता येत नाहीत. सरकारी रोखे हवे असतील तर ब्रोकरची गरजच नाही: नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे रिटेल डायरेक्ट खाते मोफत उघडता येते.

ॲप पारखताना

चांगले ॲप सुंदर असते असे नाही. ते लिमिट (ठरवलेल्या भावाची), स्टॉप-लॉस (तोटा रोखणारी) आणि बाजार बंद झाल्यावर लावायची ऑर्डर गोंधळ न करता लावू देते, शिल्लक आणि मार्जिन खरे दाखवते आणि सव्वानऊला बाजार उघडताना, जेव्हा सगळा देश एकदम शिरतो, तेव्हा अडकत नाही. जीटीटी ही सोय, म्हणजे ठरवलेला भाव आला की ऑर्डर आपोआप जाणे, नोकरदार माणसासाठी सर्वांत उपयोगी. मात्र ही ऑर्डर ब्रोकरच्या सर्व्हरवर थांबलेली असते, भाव येईपर्यंत ती एक्सचेंजवर नसते, आणि वेगाने उसळलेल्या बाजारात ती अपुरी राहू शकते. ही सोय किती दिवस टिकते आणि लाभांश किंवा बोनस आल्यावर तिचे काय होते, हे प्रत्येक ब्रोकरचे वेगळे असते.

२४ फेब्रुवारी २०२१ हा दिवस तुलनेसाठी जणू परीक्षेचा होता. तांत्रिक बिघाडामुळे एनएसईचे सौदे सकाळी ११.४० वाजता थांबले आणि दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू होऊन संध्याकाळी पाचपर्यंत चालले. बाजार पुन्हा उघडेल याची खात्री नसल्याने काही ब्रोकरांनी ग्राहकांचे इंट्राडे (त्याच दिवशी मिटवायचे) सौदे बीएसईवर आपोआप बंद केले आणि नंतर एनएसई सुरू झाल्यावर ग्राहक हवालदिल झाले. त्या दिवशी ब्रोकरने ग्राहकांना काय कळवले, किती वेळात कळवले आणि बीएसईचा मार्ग ग्राहकाला स्वतः वापरता येत होता का, या तीन प्रश्नांची उत्तरे चार्टच्या रंगांपेक्षा मोलाची आहेत. सेबीने २०२२ मध्ये ब्रोकरांच्या तांत्रिक बिघाडांची एक्सचेंजला माहिती देण्याची व्यवस्था घातली.

आपले इंटरनेट किंवा वीज गेली तर सौदा बंद कसा करायचा, हाही ॲपचाच भाग मानावा. फोनवरून सौदा घेणारा माणूस आहे का, त्याचे वेगळे पैसे लागतात का, हे पाहावे. पावसाळ्यात वीज जाणे हा नागपूर जिल्ह्यातल्या तालुक्यांचा रोजचा अनुभव आहे, तिथे ही सोय चैनीची ठरत नाही. अनेक ब्रोकर इंट्राडे सौदे दुपारी तीननंतर आपोआप बंद करतात आणि त्याचे शुल्क लावतात. ही वेळ ब्रोकरगणिक बदलते.

शेअर विकताना सीडीएसएलचा टीपिन आणि ओटीपी टाकून संमती द्यावी लागते. ते टाळायचे असेल तर डीडीपीआय ही मर्यादित संमती देता येते, जिने नोव्हेंबर २०२२ पासून जुन्या सरसकट मुखत्यारपत्राची जागा घेतली. ज्येष्ठांच्या खात्यासाठी ती सोयीची, पण सही करण्यापूर्वी वाचून घ्यावी.

कोड लिहून सौदे करणाऱ्यांसाठी एपीआय (ब्रोकरच्या यंत्रणेशी स्वतःचा प्रोग्राम जोडण्याची सोय) आहेत. सेबीने फेब्रुवारी २०२५ मध्ये किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गो (संगणकाने आपोआप केलेल्या) सौद्यांसाठी नियम घातले. कुणी "आमचा बॉट लावा, महिन्याला ठरावीक परतावा" असे म्हणत असेल तर तो प्रस्ताव तिथेच सोडून द्यावा.

खर्च

डिलिव्हरीवरची (शेअर खात्यात घेण्याच्या सौद्यांवरची) दलाली काहींकडे शून्य आहे, काहींकडे टक्केवारीत. शेअर विक्रीवर डीपी (डिमॅट खात्याचे) शुल्क, खरेदी-विक्री दोन्हींवर ०.१ टक्के एसटीटी (सौद्यावरचा कर), खरेदीवर ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्क आणि दलालीवर १८ टक्के जीएसटी. यातले सरकारी भाग सगळीकडे सारखेच. खरा फरक पडतो तो उधारीवर शेअर घेण्याच्या, म्हणजे एमटीएफच्या व्याजात. ते दिवसागणिक लागते, आणि सहा महिने शेअर धरून ठेवणाऱ्याला शून्य दलालीची बचत त्यात सहज विरून जाते. २०२१ पासून मार्जिनचे नियम सर्वांना सारखे झाल्याने 'जास्त लिव्हरेज', म्हणजे थोड्या पैशांत मोठा सौदा, ही आता तुलनेची बाब उरलेली नाही. कुणी तसे वचन देत असेल तर तेच संशयाचे कारण.

बाजाराबाहेरचे 'बाजार'

एक्सचेंजवर न जाता वहीत किंवा मोबाइल ॲपमध्येच मांडला जाणारा डब्बा व्यवहार बेकायदा आहे. त्यात तक्रार करायलाही जागा नाही, कारण सौदा कुठेच नोंदलेला नसतो. परदेशी चलनात सौदे करून देणारी अनेक ॲप मराठी-हिंदी जाहिराती करतात. रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून अशा अनधिकृत संस्थांची सावधगिरीची यादी प्रसिद्ध केली आहे, पण यादीत नाव नाही म्हणजे ॲप अधिकृत आहे असे नव्हे. पारख सोपी आहे: खऱ्या सौद्याची करारपत्रिका २४ तासांत ई-मेलवर येते, तो शेअर डिमॅटमध्ये दिसतो, आणि पैसे एखाद्या व्यक्तीच्या यूपीआयवर कधीही मागितले जात नाहीत.

ब्रोकर बदलणे

तक्रार आधी ब्रोकरकडे, मग सेबीच्या स्कोअर्स या तक्रार संकेतस्थळावर, त्यानेही भागले नाही तर २०२३ मध्ये सुरू झालेल्या स्मार्ट ओडीआर या ऑनलाइन तंटानिवारण मंचावर नेता येते. ब्रोकर बदलायचा झाल्यास खाते बंद करून शेअर नव्या डिमॅटमध्ये नेण्याचा अर्ज करावा, खाते बंद करताना होणाऱ्या या हस्तांतरासाठी शुल्क लागत नाही. दोन्ही खात्यांत नाव आणि पॅन तंतोतंत जुळावे लागते. हस्तांतरानंतर नव्या ॲपला जुना खरेदी भाव ठाऊक नसतो, तो स्वतः भरावा लागतो, आणि करासाठी जुन्या ब्रोकरचे विवरण आधीच उतरवून ठेवावे. तारण ठेवलेले शेअर आधी सोडवून घ्यावे लागतात. वायदे आणि ऑप्शनचे उघडे सौदे मात्र असे हलवता येत नाहीत, ते जुन्या ब्रोकरकडेच बंद करावे लागतात.